दुसरी खेप



दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातील वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, गेवराई, कोणत्याही तालुक्यात जा. ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, अहिल्यानगरकडे आणि थेट कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. भांडीकुंडी, पिठाचे डबे, कोयते, कोंबड्या, अंगावरची लेकरे, सगळे त्या गाडीत. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. या भरल्या गाडीत आणखी एक गोष्ट बसून जाते. तिच्याविषयी मला आज लिहायचे आहे. ती म्हणजे खोकला.

मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कारकून आहे. शिक्षण बी.कॉम. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी वस्तीतील लोकांचे अर्ज, रेशनकार्ड, दवाखाना ही कामे जमतील तशी करतो. मी डॉक्टर नाही की शास्त्रज्ञ नाही. तरीही क्षयरोगाचे जंतू उजेडाच्या साहाय्याने तासाभरात शोधणाऱ्या एका लहानशा यंत्राविषयी लिहायला बसलो आहे. कारण त्या तासाची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

गोष्ट १९९६ सालची. मी तेव्हा बारावीला होतो. माझे थोरले बंधू, ज्यांना सगळी वस्ती दादा म्हणत असे, ते आणि वहिनी दरसाल तोडीला जात. घरात शिकणारा मी एकटा. माझी फी, माझ्या वह्या-पुस्तके त्या दोघांच्या कोयत्यावर चालत. त्या वर्षी पोळ्यापासून दादांना खोकला होता. गावातल्या डॉक्टरने खोकल्याचे औषध दिले, मग इंजेक्शन दिले, मग बाटली लावली. उतार पडेना. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, अंगातला सदरा दिवसेंदिवस सैल. शेवटी कोणीतरी मोठ्या दवाखान्यात बेडका तपासून घ्या म्हणून सांगितले. एकदा तिथल्या तिथे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबरचा, असा बेडका द्यावा लागला. दोन दिवसांची मजुरी गेली, एसटीचे भाडे गेले. "रिपोर्ट आठ दिवसांनी मिळेल," असे सांगण्यात आले.

आठ दिवस कुठले? चौथ्या दिवशी ट्रक लागला. मुकादमाची उचल घेतलेली आणि ती औषधपाण्यात, माझ्या फीत खर्चूनही झालेली. गाडीत चढताना दादा मला म्हणाले, "बाळा, तेवढा कागद आणून ठेव. काही निघालं तर मुकादमाच्या घरी चिठ्ठी दे. ती येती माझ्यापवतर."

मी गेलो. खिडकीवर सांगितले गेले, "रिपोर्ट देणारे रजेवर आहेत, चार दिवसांनी या." चार दिवसांनी मी गेलो नाही. सहामाही परीक्षा होती, भाड्याला पैसे नव्हते. आणि खरे सांगायचे तर मनात असेही होते, की खोकलाच तर आहे. पुढे ते राहूनच गेले.

मार्चमध्ये दादा परत आले तेव्हा दोघांनी धरून त्यांना गाडीतून उतरवले. खोकल्यातून रक्त पडत होते. तेव्हा मी धावत जाऊन तो कागद काढून आणला. तो नोव्हेंबरच्या तारखेचा होता. जंतू सापडल्याचे त्यावर स्पष्ट लिहिले होते. जवळजवळ पाच महिने तो कागद एका फायलीत पडून होता आणि दादा उसाच्या फडात मोळ्या वाहत होते, कोपीत रात्र रात्र खोकत होते. औषधे तेव्हाही होती, सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होती. ती सुरूही केली, पण तोपर्यंत अंगात काही उरले नव्हते. १९९७ च्या जूनमध्ये दादा कालकथित झाले. वहिनी २५ वर्षांच्या, पोरगा २ वर्षांचा.

पुढे मी पदवी घेतली, कारकून झालो, खिडकीच्या आतल्या बाजूला बसू लागलो. "उद्या या" हे शब्द माझ्या तोंडून आजवर कधी निघालेच नाहीत असे मी म्हणणार नाही. पण प्रत्येक वेळी निघताना ते घशात अडकतात.

दादांच्या वेळी तपासणीला एवढे दिवस का लागत, हे मला फार उशिरा कळले. क्षयाचा जंतू जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी शोधला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जगापुढे मांडला. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळतात. तेव्हापासून शंभर-सव्वाशे वर्षे हा जंतू ओळखण्याची मुख्य रीत एकच होती. बेडका काचेवर पसरायचा, त्याला तांबडा रंग द्यायचा, मग आम्लाने धुवायचे. इतर बहुतेक जंतूंचा रंग धुऊन जातो. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणासारखे आवरण असते, म्हणून त्याचा रंग टिकतो. मग मागे निळा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यावर तांबड्या बारीक काड्या शोधायच्या. हे काम स्वस्त आहे, पण डोळे फोडणारे आहे. शिवाय एक मिलिलिटर बेडक्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असतील तरच ते अशा तपासणीत सापडतात. त्याहून कमी असले तर कागदावर "जंतू नाहीत" असे येते आणि माणूस जंतू घेऊन घरी जातो.

दुसरी रीत जंतू वाढवून पाहण्याची. पण हा जंतू मोठा आळशी. इतर कित्येक जंतू वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला त्यासाठी १५ ते २० तास लागतात. त्यामुळे तो वाढून डोळ्यांना दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. मोठ्या शहरात बसलेला माणूस ते आठवडे कसेबसे काढील. ज्याचा ट्रक चौथ्या दिवशी निघतो त्याने काय करावे?

आता २०२३ कडे येतो. त्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला विहारात सगळी वस्ती जमली होती. माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी सारखे खोकत होते. मागे वळून पाहिले तर दादांचा मुलगा, माझा पुतण्या. वय २८. तोही बायकोला घेऊन तोडीलाच जातो. मी त्याला शिकवायचा खूप प्रयत्न केला, पण नववीतून त्याने शाळा सोडली आणि बापाचाच कोयता हातात घेतला. कार्यक्रम संपल्यावर त्याला बाजूला घेतले.

"किती दिवस झाले रे खोकला?"

"झाले की काका महिनाभर. हवा बदलली की जाईल."

"ताप?"

"संध्याकाळचा येतो जरासा."

त्याच्या गळ्याची हाडे वर आलेली दिसत होती. माझ्या पायांतले बळच गेले. २७ वर्षांपूर्वीचे दादा माझ्यासमोर उभे होते. "गाडी कधी निघणार?" मी विचारले. म्हणाला, "परवा." कारखान्यांचे गाळप १ नोव्हेंबरपासून सुरू होणार होते, त्याआधी टोळ्या पोहोचायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्याला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तो कुरकुर करीत होता. "काका, रिपोर्ट यायच्या आत मी फडात आसन, कशाला खेप?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या माणसाला तपासणीची भीती नसते. त्याला भीती असते दुसऱ्या खेपेची. पहिल्या खेपेला कसेबसे जाता येते. दुसऱ्या खेपेची मजुरी, भाडे आणि दिवस त्याच्याजवळ नसतो. आणि रोगाचे नाव नेमके त्या दुसऱ्या खेपेला कळत असे.

प्रयोगशाळेत एक तरुण तंत्रज्ञ ताई होत्या. त्यांनी पुतण्याला बाहेर मोकळ्या हवेत नेऊन समजावले, "आधी चूळ भर. दोन-तीन वेळा खोल श्वास घे आणि छातीतून खोक. नुसती लाळ नको, घट्ट बेडका पाहिजे." मग मला म्हणाल्या, "बसा, दुपारपर्यंत सांगते." मला वाटले ऐकण्यात चूक झाली. "आज दुपारपर्यंत?" "हो काका, आजच."

टेबलाच्या कोपऱ्यात मावतील अशी दोन लहान यंत्रे त्यांच्यापुढे होती. नाव ट्रूनॅट. मी विचारले म्हणून त्यांनी काम करता करता समजावून सांगितले. नंतर मी त्याविषयी मिळेल तेवढे वाचले. मला जसे समजले तसे इथे सांगतो.

पहिल्या यंत्रात बेडका पातळ करून घालतात. ते यंत्र जंतूंचे कवच फोडते आणि त्यांच्या आतला वंशधागा, ज्याला डीएनए म्हणतात, तो वेगळा काढते. प्रत्येक जंतूच्या धाग्यावर त्याची स्वतःची अशी खूण असते, जशी माणसाच्या अंगठ्याची असते. मग त्या धाग्याचा एक थेंब एका छोट्या चिपवर टाकतात आणि ती चिप दुसऱ्या यंत्रात ठेवतात. हे यंत्र त्या थेंबाला भराभर तापवते आणि निववते. दर फेरीला क्षयाच्या जंतूचा तेवढाच खुणेचा तुकडा दुप्पट होतो.

इथे माझे बी.कॉम. उपयोगी पडले. हे तर आमच्या पतसंस्थेतले चक्रवाढ व्याज, तेही दर फेरीला शंभर टक्के! एकाचे दोन, दोनाचे चार. १० फेऱ्यांत १,०२४. २० फेऱ्यांत १० लाखांच्या वर. ३० फेऱ्यांत १०० कोटींच्या वर. मुकादमाच्या उचलीचे व्याजही इतके वेगाने वाढत नाही.

पण एवढे तुकडे झाले हे कळावे कसे? ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी उजेडाची योजना आहे. त्या थेंबात एक प्रकारचे शोधक धागे मिसळलेले असतात. त्या धाग्याच्या एका टोकाला चमकणारा रंग असतो आणि दुसऱ्या टोकाला त्याची चमक दाबून धरणारा पदार्थ असतो. पेटत्या कंदिलावर टोपले उपडे घालावे, तसे. क्षयाच्या जंतूचा तुकडा सापडला की हा धागा त्याला चिकटतो. नवी नक्कल तयार होताना तो धागा तुटतो आणि टोपले बाजूला होते. यंत्र आपला प्रकाश टाकते, मोकळा झालेला रंग चमकतो आणि यंत्राचा डोळा ती चमक मोजतो. जंतू पुष्कळ असतील तर उजेड लवकर दिसतो. थोडे असतील तर उशिरा दिसतो. नसतील तर यंत्रात शेवटपर्यंत अंधारच राहतो. मिलिलिटरमागे शंभराच्या आसपास जंतू असले तरी ते सापडू शकतात. सूक्ष्मदर्शकाला तिथे ५ हजार लागत होते. सगळे मिळून काम तासाभराचे.

पुतण्याचा उजेड लवकर दिसला. ताईंनी पडदा माझ्याकडे वळवला. एक रेघ सरळ जाता जाता एकदम वर चढली होती. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, आहे." मग त्याच थेंबातून दुसरी चिप लावली. क्षयावरच्या मुख्य औषधांपैकी एक म्हणजे रिफॅम्पिसिन. जंतू या औषधाला दाद देतो की निर्ढावला आहे, हे त्या दुसऱ्या चिपवर आणखी तासाभरात कळते. पूर्वी हे कळायला महिने जात आणि तोवर माणूस निकामी औषध खात राही. आमच्या नशिबाने जंतू औषधाला दाद देणारा निघाला. सकाळी साडेनऊला आलेलो आम्ही दुपारी अडीच वाजता रिपोर्ट आणि औषधे घेऊन बाहेर पडलो. दुसरी खेप करावीच लागली नाही.

हे यंत्र कुठून आले, हेही समजून घेतले पाहिजे. याच तत्त्वावर चालणारे एक यंत्र अमेरिकेतून आधीच आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्या सरकारी दवाखान्यांत त्याला सीबीनॅट म्हणतात. यंत्र उत्तम, पण त्याला संगणक लागतो, अखंड वीज लागते, थंड खोली लागते. म्हणून ते बहुधा मोठ्या दवाखान्यात राहिले. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. ट्रूनॅट हे अशाच ठिकाणांसाठी बनवलेले आहे. बंगळुरूच्या बिगटेक या प्रयोगशाळेत चंद्रशेखर नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून ते तयार केले. आपल्या शेजारच्या गोव्यात, वेर्णा येथे, मोलबायो ही कंपनी ते बनवते. बॅटरीवर चालते, उचलून नेता येते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या पहिल्या तपासणीसाठी त्याची शिफारस केली. त्याच वर्षी कोरोना आला आणि त्या तपासणीसाठीही हीच यंत्रे कामाला लागली. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. म्हणून हे यंत्र आपल्या देशातल्या गरजेतून निर्माण व्हावे यात नवल नाही.

परंतु यंत्र म्हणजे सर्व काही नव्हे. चार गोष्टी ध्यानात ठेवा. एक, लाळ दिली तर यंत्र काहीच सांगू शकत नाही, बेडका छातीतलाच हवा. लहान लेकरांना तो काढता येत नाही. हाडाचा, गाठीचा, मेंदूचा क्षय असेल तर तो बेडक्यात दिसत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये काही आले नाही पण त्रास चालूच आहे, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा, एक्स-रे काढा. दोन, हे यंत्र मेलेल्या जंतूचा धागाही पकडते. म्हणून औषध घेतल्यावर बरे झालो की नाही हे पाहायला दुसरी तपासणी करतात. ज्यांना पूर्वी क्षय होऊन गेला आहे त्यांनी ते आधीच सांगावे. तीन, चिप संपली की यंत्र टेबलावरचे शोभेचे डबडे होते. आपल्या दवाखान्यात यंत्र आहे का, चालू आहे का, चिपा आहेत का, हे विचारणे आपले काम आहे. ग्रामसभेत रस्त्याविषयी विचारतो तसे हेही विचारा. चार, यंत्र रोग दाखवते, बरा करत नाही. बरा करतात त्या गोळ्या. त्या किमान ६ महिने, एक दिवस न चुकता.

पुतण्याची पुढची गोष्ट या चौथ्या मुद्द्याचीच आहे. रिपोर्ट हातात होता, पण गाडीही दारात होती. जोडप्याने ८० हजार उचल घेतली होती. त्यातले बरेचसे घराच्या पत्र्यांत आणि जुन्या देण्यात गेले होते. त्याच संध्याकाळी मी मुकादमाच्या घरी गेलो. तो म्हणाला, "साहेब, मी त्याला ठेवून घेतला असता, पण मलाबी कारखान्याला कोयते मोजून द्यायचेत. आजारी माणूस फडात बसून राहू द्या, खाडा धरणार न्हाई." मी खिशातून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. म्हटले, "तुमच्या टोळीत कोपीला कोपी लागून असते. एका कोपीत खोकला असला की तो दहा कोपींत जातो. हा कागद आजचा आहे. उद्या तुम्ही त्याला नेले, तर माहीत असून नेले असे होईल."

कागद त्याने दोनदा उलटसुलट पाहिला. तोंडच्या शब्दाला जी किंमत नसते ती त्या तासाभरात निघालेल्या कागदाला आली. आजारीपण दिसत होते तेव्हा तो ऐकत नव्हता, कागद दिसल्यावर ऐकू लागला. मी पतसंस्थेतून माझ्या नावावर कर्ज काढून ४० हजार परत केले. उरलेले पुढच्या हंगामात फेडायचे ठरले. ते कर्ज फेडताना माझ्या घरात काय बोलणी झाली ते इथे लिहीत नाही. माझ्या सौभाग्याने माझी पत्नी रागावते पण अडवत नाही.

गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी पुतण्या घाबरून माझ्याकडे आला, लघवी तांबडी होते म्हणून. तो त्या औषधाचाच रंग, घाबरायचे कारण नाही, हे डॉक्टरांनी सांगितले होते, पण तो विसरला होता. दुसऱ्या महिन्यात त्याला भूक लागू लागली, खोकला थांबला आणि लगेच म्हणू लागला, "काका, आता बरा झालो, फडात जातो." खरा धोका इथेच आहे. मधेच गोळ्या सोडल्या तर उरलेले जंतू निर्ढावतात आणि मग साधी औषधे चालेनाशी होतात. वहिनींनी त्याला सरळ सांगितले, "तुझ्या बापाला गोळी मिळाली तवा जीव उरला न्हवता. तुला जीव हाय तर गोळी खा." त्यानंतर तो काही बोलला नाही. त्या काळात सरकारकडून पोषण आहारासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात येत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. ज्याला बाहेरगावी जावेच लागते त्याने औषध सोडायचे कारण नाही. निक्षय क्रमांकावर आपली नोंद असते. जिथे जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात पुढच्या गोळ्या मिळतात, मात्र जाण्याआधी आपल्या दवाखान्यात सांगून निघा. १८००-११-६६६६ या फुकट नंबरवर माहिती मिळते.

घरातील सगळ्यांची तपासणी झाली. सून आणि वहिनी दोघींना काही निघाले नाही. लेकरांना डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या दिल्या.

याच काळात एक गोष्ट पाहून मला मान खाली घालावी लागली. एके दिवशी त्यांच्या घरी गेलो तर पुतण्याचा पेला आणि ताटली वेगळी, ओट्याच्या खाली पालथी घातलेली. शेजारच्या बायकांनी सुनेला तसे सांगितले होते. आपल्या आजोबा-पणजोबांनी चहाच्या दुकानाबाहेर वेगळ्या कपात चहा प्यायला. त्या कपाची आठवण आपण मुलांना सांगतो आणि तोच कप आपल्या घरात आपल्याच आजारी माणसासाठी ठेवतो? क्षय भांड्याने पसरत नाही. तो खोकल्यातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. तोंडाला रुमाल बांधा, खिडकी उघडी ठेवा, नियमित गोळ्या द्या. दोन-तीन आठवड्यांत रोग पसरवण्याची शक्ती फार कमी होते. पेला वेगळा करून काहीच साधत नाही, माणूस तेवढा तुटतो. सुनेने तो पेला उचलून बाकीच्या भांड्यांत ठेवला.

२०२४ च्या एप्रिलअखेर पुतण्याच्या गोळ्या संपल्या. शेवटच्या तपासणीत जंतू नव्हते. वजन ९ किलोने वाढले होते. त्या दिवशी वहिनींनी पुरणपोळी केली आणि मला बोलावले. जेवण झाल्यावर त्यांनी सहज विचारले, "भावजी, त्ये यंत्र तवा न्हवतं का वं?"

"नव्हते वहिनी," मी म्हणालो. एवढ्यावर थांबता आले असते. सत्तावीस वर्षे थांबलोच होतो. पण त्या दिवशी थांबवेना. "यंत्र नव्हते, पण कागद होता. नोव्हेंबरातच तयार होता. दादांनी आणायला सांगितला होता, मी एकदा गेलो आणि परत गेलो नाही."

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पोराकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय. त्यांनीच सांगितलं हुतं, बाळ्याची परीक्षा हाय, त्याला बोलू नको." आणि ताटे उचलून आत गेल्या.

दादा माहीत असून गेले आणि वहिनी माहीत असून मला इतकी वर्षे जेवू घालत राहिल्या. त्याचे माझ्याजवळ उत्तर नाही. मला करता येण्यासारखे एवढेच आहे. दरसाल पोळा ते दसरा या दिवसांत आम्ही चार-पाच जण वस्तीतल्या घरोघर फिरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटलेले वजन, यांपैकी काही असेल त्याला गाडी लागायच्या आत दवाखान्यात नेतो आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहतो. यंत्राने दुसरी खेप वाचवली आहे. पहिली खेप मात्र माणसालाच करावी लागते.

तुमच्या वस्तीत कोणी खोकत असेल, तर हा अंक खाली ठेवा आणि त्याच्या घरी जाऊन या.